पाळण्यावरच्या शेंगा

जवळ ये स्वाते. तू तिकडं चाकणला आणि मी इकडं कासुर्डीत, तरी म्हणते जवळ ये. हा कागद डोळ्यांपाशी धर आणि तो मोबाईल जरा पालथा ठेव. तीनदा विचारलंस, आत्या, रामकाठी म्हणजे नेमकी कसली बाभळ, आणि तिन्ही वेळा मी तोंड उघडलं की तुझी मीटिंग निघाली. असं अर्धवट ऐकायची खोड बरी नाही गं. तुझ्या बापाची तीच. परवा त्याला फोनवर सांगत होते, भानुदास, बांधावरच्या त्या पाच बाभळी तेवढ्या ठेव बाबा, तर पलीकडून नुसतं 'हां आक्का, हां आक्का', आणि मागं ट्रॅक्टर चालू. बांध काढायचा, दोन्ही वावरं एक करायची, म्हणजे ऊसतोडणीचं मशीन सरळ फिरतं, असं त्याचं चाललंय. त्याचंही अगदीच चुकतं असं नाही. पण तेव्हापासून माझा जीव एका जागी ठरत नाही. भाजी फोडणीला टाकते आणि उठून दारात येते, दारातून परत आत. हायवेवरच्या गाड्या मोजत बसते आणि मोजताना विसरते. म्हणून ही वही काढली, लिहून झालं की पानं फाडून तुला पाठवते. लग्न, बाळंतपणं, सासूशी उडालेले खटके, सगळं हिच्यात लिहून झालंय. तो एक उन्हाळा तेवढा राहिला होता. राहिला म्हणजे काय, मीच टाळला होता.

तेव्हा आमची वस्ती मांडवगणच्या अलीकडं, माळाच्या कडेला. आज तुला तिथं उसाशिवाय काही दिसत नाही, पण तेव्हा कुसळं, दगड आणि बाभळी. आमच्या घरात माणसं तीन, शेळ्या अकरा. दादा म्हणजे माझे वडील, तुझे आजोबा. त्यांच्या आधीच्या पिढ्या मेंढरांमागं फिरल्या. दिवाळी झाली की कोकणात, पावसाच्या आधी परत. दादांनी मेंढरं विकली आणि पाच एकर माळ धरला. पण जमीन धरली म्हणून पाय थोडेच धरतात. दिवाळी सरली की ते घोंगडं खांद्यावर टाकून उगाच ओढ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. आई म्हणायची, "आलं कोकणातनं?" ते पाणी प्यायचे आणि पुन्हा बाहेर. ती चुळबुळ माझ्यातही उतरली. मला कधी कुणी शाळेत घातलं नाही, आणि घातलं असतं तरी मी बसले असते असं वाटत नाही.

आम्ही छपरात राहायचो. उसाचं पाचट तेव्हा आमच्याकडं कुठलं, गवताचं छप्पर. पावसाळ्यात गळायचं, उन्हाळ्यात त्यातून विंचू पडायचे. दादांना एकच ध्यास लागला होता, आढं असलेलं घर बांधायचं. आढं म्हणजे घराच्या माथ्यावरून ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातं ते मोठं आडवं लाकूड. ते एकसंध लागतं, सरळ लागतं, आणि बाभळीच्या जातीत सरळ लाकूड मिळणं म्हणजे मुश्किलच. दादा म्हणायचे, "आमच्या घराण्यात कुणी आढ्याखाली निजलं न्हाई. म्या निजणार."

आणि आमच्या बांधावर ती उभी होती. साधी बाभळ तू पाहिली आहेस, उघडलेल्या छत्रीसारखी असते. ही मिटलेल्या छत्रीसारखी. खालपासून शेंड्यापर्यंत फांद्या अंगाशी धरून सरळ वर गेलेली. हीच रामकाठी. तिची सावली शेळीलाही पुरायची नाही, पण तिच्या बुडाशी पीक येतं, म्हणून बांधावर तिच्यासारखी दुसरी नाही. न्हावऱ्याचे सुतार बाजाराला जाताना वाट वाकडी करून यायचे, बुंध्याला हात लावायचे आणि दादांकडं बघायचे. दादा मान हलवायचे, नाही. वैशाखात वारा सुटला की तिच्या वाळक्या शेंगा वाजायच्या, खुळखुळ खुळखुळ, जशी कुणी लहान पोर पैंजण घालून बांधावरून पळतेय. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. इथं कासुर्डीत रात्रंदिवस ट्रक चालतात तरी आहे.

त्या वर्षी चैत्रात तुझा बाप जन्माला आला. माझ्यामागं चौदा वर्षांनी. आई बाजेवर, मी घरची कारभारीण. सकाळी आईला हुलग्याचं गरम माडगं करून द्यायचं, दुपारी बाजरीची भाकरी आणि शेळीचं दूध. त्या रामकाठीला दादांनी आधीच्या हिवाळ्यात दोन खाचा पाडून डिंक काढून ठेवला होता. तो तुपात टाकला की फुलून पांढरा व्हायचा, आणि मी आईसाठी म्हणून पाच खडे तळले तर दोन माझ्या तोंडात जायचे. आईला कळायचं. ती म्हणायची, "बाळंतीण म्या हाय का तू?"

अशात एक दिवस नदीपलीकडून साहेब आले. दौंडच्या वाटेवर सरकारी रोपवाटिका होती, तिथले. सायकल बांधाला टेकवली, टोपी काढली आणि झाडाकडं नुसते बघत राहिले. मग दादांना म्हणाले, "अशी झाडं संपत चाललीत. ज्याला सरळ लाकूड पाहिजे तो सरळ झाड तोडतो, आणि मागं बी धरायला उरतात ती सगळी वाकडी. मला हिचं बी द्या."

दादा म्हणाले, "बी न्या सायेब. पन आढं माझं. ह्या वैशाखात तोडणार म्या."

साहेब म्हणाले, "शेंगा पिकून पडेपर्यंत थांबाल?"

"त्येवढं थांबतो. आमची जना बी गोळा करून दील. अन् रोपं झाली की निम्मी माझ्या बांधाला."

असं ठरलं. शब्द दादांनी दिला आणि काम माझ्या अंगावर आलं. साहेबांना बी हवं होतं ते वाड्यातलं. वाडा म्हणजे शेळ्यामेंढ्यांचा, काट्यांच्या कुंपणाचा. बाभळीचं बी फार टणक, नुसतं पेरलं तर वर्ष वर्ष उगवत नाही. शेळ्यांना शेंगा घातल्या की त्या गर खातात आणि रवंथ करता करता बी टाकून देतात, काही लेंड्यांतून पडतं. त्या बियाची कातडी मऊ झालेली असते. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण त्याला कुणी साहेब विचारेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

मी शेंगा पाडल्या, राहिलेल्या वेचल्या, चार पोती झाली. शेळ्या चरायला सोडायच्या नाहीत, नाहीतर भलत्या बाभळीचं खाऊन येतील, एवढी अक्कल मला होती. चार दिवस त्या वाड्यात कोंडलेल्या. सकाळ झाली की कुंपणाशी उभ्या राहून ओरडायच्या आणि मीही बाहेरून त्यांच्यावर ओरडायची. त्यांना माळ हवा, मलाही हवा. रोज सकाळी झाडून ते सगळं मी वाड्याच्या एका कोपऱ्यात ढीग करून ठेवत गेले, एकदमच चाळू म्हणून. रोजचं रोज चाळून गाडग्यात भरलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण चाळणीपाशी बसणं आलं, आणि बसणं मला जमत नव्हतं. त्यातल्या त्यात एक खेळ केला. सात-आठ चांगल्या लांब शेंगा दोऱ्यात ओवल्या आणि तुझ्या बापाच्या पाळण्याला बांधल्या. दोरी ओढली की वाजायच्या, आणि तो रडायचा थांबायचा. हे लक्षात ठेव.

पाचव्या दिवशी मी बाळाची दुपटी धुवायला नदीवर गेले. दिवस कलताना परत येते तर लांबूनच धुरळा दिसला आणि घंट्यांचा आवाज. माझा मामा कोकणातून परतला होता. त्याची मेंढरं आमच्या वाड्यात, आणि तो दाराशी उकिडवा बसून आईशी बोलत होता.

"काय गं भाचे, तोंड का असं वाळलंय? मामा आला त्याचा आनंद न्हाई व्हय?"

"मामा, मेंढरं कुठं घातली?"

"कुठं म्हंजी? वाड्यात. का डोक्यावर घिऊन बसू?"

"आज काय खाल्लं त्यांनी?"

मामा हसला. "बघ आक्के, तुझी पोरगी मेंढरांच्या जेवनाची चवकशी करती. अगं, वाटंनं बाभळीच बाभळी. शेंगांचा निस्ता सडा. पोटं बघ कशी टम्म झाल्याती."

मी दुपट्यांचा पिळा तिथंच टाकला आणि वाड्याकडं धावले. माझ्या ढिगावर मेंढरं उभी होती. ढीग कसला, ढिगाचं नुसतं अंगण झालं होतं. सकाळी मामा गेल्यावर बघितलं तर वाडाभर बी, तपकिरी, चकचकीत, सगळं एकसारखं. तळहातावर घेऊन उन्हात धरलं. रामकाठीचं कुठलं आणि रस्त्यावरचं कुठलं, बी काही बोलत नाही.

तेव्हा मी काय केलं ते सांगते. सगळं झाडलं, चाळलं, नदीवर नेऊन धुतलं, तरंगलेलं पोकळ बी फेकून दिलं, उरलेलं वाळवलं आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या पिशवीत भरलं. दादांनी विचारलं, "झालं का बी?" मी म्हटलं, "झालं." एवढा एकच शब्द.

दोन दिवसांनी तोडणारे आले. दादांनी बुंध्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि हात जोडून झाडाशी काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी चार पावलांवर उभी होते. तेव्हा बोलायचं होतं. झाडावर अजून शेंड्याला थोड्या शेंगा होत्या, कुणी चढलं असतं तर निघाल्या असत्या. मी बोलले नाही. दादांच्या तोंडावर इतका आनंद होता गं, की माझी जीभच उचलेना. मग कुऱ्हाड पडली. झाड पडलं तेव्हा शेंड्याच्या शेंगा फुटून फुफाट्यात गेल्या आणि त्यांवरून बैलांनी ते लाकूड ओढत नदीवर नेलं. बाभळीचं लाकूड पाण्यात मुरवावं लागतं, नाहीतर त्याला भुंगा लागतो.

साहेब आले, पिशवीत हात घातला, बी ओंजळीत घेऊन म्हणाले, "वाड्यातलं बी म्हणजे असं पाहिजे. शाब्बास पोरी." त्या शाब्बासकीनं मला जे झालं ते मामाच्या मेंढरांनीही झालं नव्हतं. पुढचे आठ-दहा दिवस मी घरात अशी फिरत होते की आई म्हणाली, "बस गं एका ठिकानी, मला चक्कर येती." तिनं बाजेवरून उठून पहिल्यांदा शेंगोळी केली, हुलग्याच्या पिठाची, लसणाची फोडणी देऊन, माझी आवडती. मी दोन खाल्ल्या आणि ताटली सरकवली. बांधावर गेलं की बुंधा दिसायचा. वारा यायचा आणि काही वाजायचं नाही.

शेवटी एका सकाळी आईला म्हटलं, नदीवर जाऊन येते. नदीवर गेले ती नदीतूनच पुढं गेले. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याएवढं. पलीकडं दौंड तालुका, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी तिथं चालत होते. रोपवाटिका लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हिरव्या रोपांच्या ओळी, प्रत्येक वाफ्याला पत्र्याची पाटी, आणि सावलीत एक बाई पिशव्यांत माती भरत बसलेली. तिचं नाव हौसामावशी, हे नंतर कळलं.

"कुनाची गं तू? लगनाची पत्रिका घिऊन आलीस का काय, एवढी घामाघूम?"

"सायबांना सांगायचंय."

"आदी मला सांग. सायबाला सांगायच्या गोष्टीची चव म्या बघती, मग वाढती."

मी तिला सांगितलं. सगळं, मेंढरांसकट. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. "बये," म्हणाली, "त्ये तर पेरलं की. मीच पेरलं. त्यो वाफा." मग हाताला धरून तिनंच मला साहेबांपाशी नेलं आणि म्हणाली, "हिला बोलू द्या. मधी इचारू नका, न्हाईतर रडंल."

मी बोलले. साहेब ऐकत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, त्या वाफ्यापाशी गेले, रॉकेलचा बोळा घेऊन पाटीवरची अक्षरं पुसली. मला वाचता येत नव्हतं, पण काय पुसलं ते कळलं. म्हणाले, "पोरी, माणूस पाटी बघून रोप नेतो. पाटी खोटी होती हे त्याला कळायला पंधरा-वीस वर्षं जातात. तोवर सांगणारं कुणी उरत नाही. तू आलीस ते चांगलं झालं." मग विचारलं, "त्या झाडाची एखादी शेंग तरी कुठं शिल्लक आहे?"

मी म्हटलं, नाही.

येताना पाय उचलत नव्हते, आणि थांबवतही नव्हतं. वस्तीवर पोचले तर तुझा बाप टाहो फोडत होता आणि आई पाळण्याची दोरी ओढत होती. खुळखुळ खुळखुळ. मी दारातच थांबले. मग आत गेले आणि पाळण्यावरचा शेंगांचा दोरा तोडला.

"अगं, काय करतीस, अजून रडंल की त्यो," आई म्हणाली.

"रडू दे."

तो खरंच रडला, आणि त्याच्या रडण्यात दादा आत आले. माझ्या हातात शेंगा, आईच्या हातात तुटका दोरा. मला सांगावंच लागलं. दादा तसेच वळले. बाहेर गेले, बांधापर्यंत गेले, बुंध्यापाशी बसले. दादांना मी असं बसलेलं फार कमी पाहिलं. परत आले तेव्हा म्हणाले, "तू आदी सांगितलं आसतंस तर म्या कुऱ्हाड थांबवली आसती का, त्ये मलाच सांगता येत न्हाई. आढं मला पायजेच व्हतं." मग पाणी प्यायले. "पन सायबाला म्या दिलेला शब्द खोटा झाला व्हता. त्यो तू जाऊन निस्तरलास. चल, शेंगा सोल."

निम्म्या शेंगांना कीड लागलेली. निवडून निवडून एकतीस बिया निघाल्या. ह्या वेळी शेळीवर कुणाचा भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी दादा आणि मी दोघं रोपवाटिकेत गेलो, हौसामावशीनं भांड्यात बी घातलं, वरून उकळतं पाणी ओतलं, आणि गार होईस्तोवर हात लावायचा नाही म्हणून बजावलं. दादा त्या भांड्यापाशीच बसून राहिले. एकतीसपैकी सव्वीस उगवल्या. आणि मी रोपवाटिकेत पिशव्या भरायला जाऊ लागले, कारण मला त्या सोडून घरी राहवेना. अक्षरं मी तिथंच शिकले, पत्र्याच्या पाट्यांवरून. पहिला शब्द लिंब, दुसरा बाभूळ, मग बोर. आज ही वही लिहितेय ती त्या पाट्यांच्या जिवावर. त्या सव्वीस रोपांची पाटी मात्र कोरी होती. साहेब म्हणाले, आधी रोपं काय म्हणतात ते बघू.

रोप काय म्हणतं ते हौसामावशीनं मला दाखवलं. "त्याची बगल बघ," म्हणायची. बगल म्हणजे फांदी बुंध्यापासून निघते तो खाचा. बगल मिटलेली, फांदी अंगाशी धरलेली, तर रामकाठी. बगल उघडी, हात पसरलेले, तर साधी. दुसऱ्या उन्हाळ्यात कळायला लागलं. मी रोज बघायची, एकेका रोपापाशी वाकून. आणि स्वाते, सव्वीसातली सतरा उघड्या बगलेची निघाली. पाळण्यावरच्या शेंगांची, ज्यांना ना शेळीनं तोंड लावलं ना मेंढीनं. मी तर पार हबकून गेले. आणि त्या पुसलेल्या पाटीच्या वाफ्यातही कुठं कुठं मिटलेली होती. मला वाटलं, आपण आणखी काहीतरी चुकलो.

साहेब म्हणाले, "तुझं नाही चुकलं. ह्या बियांची आई आपल्याला ठाऊक आहे. बाप कोण?"

हौसामावशी म्हणाली, "माशी फुलावर बसती तवा काय घराणं इचारून बसती व्हय? ह्या बाभळीवरनं त्या बाभळीवर. चहूकडं वाकड्याच हायेत, तर पोरं सरळ कुठनं येणार?"

त्या दिवशी दादाही माझ्याबरोबर रोपवाटिकेत आले होते, मी त्यांच्याकडं पाहिलं. दादा असे हसायला लागले की मला वाटलं यांना ऊन लागलं. "आरं, हे तर मेंढराचं हाय," म्हणाले. "आम्ही काय करतो, कळपात नर कुनाचाही शिरू देतो का? चांगला नर ठेवायचा, बाकीचे वयात यायच्या आत काढून टाकायचे. तवा कुठं चार पिढ्यांनी कळपाचा वाण ठरतो. झाडाचं बी तसंच म्हना की."

साहेब वहीत काहीतरी लिहायला लागले. म्हणाले, "हेच मला वरच्यांना समजावून सांगता येत नव्हतं."

मग दादांनी ती मिटल्या बगलेची नऊ रोपं बांधावर लावली. लांब लांब नाही, कळपानं, जवळ जवळ, म्हणजे माशी एकीवरून उठली की दुसरीवरच बसेल. आजूबाजूच्या बांधांवर साध्या बाभळी उगवायच्या त्या पिवळा फुलोरा यायच्या आत सरपणाला काढायच्या. उघड्या बगलेची सतराही त्यांनी फेकली नाहीत. ओढ्याच्या पार पलीकडं लावली, शेळ्यांना सावली आणि शेंगा म्हणून. "दुभत्याचा कळप येगळा," म्हणायचे. ज्या माणसाचे पाय दिवाळी झाली की शिवशिवायचे, तो माणूस आता रोज सकाळी नऊ झाडांची बगल तपासायला जाऊ लागला, आणि कोकणाचं नाव घेईना. पहिल्या शेंगा धरल्या तेव्हा मी सासरी होते. दादांनी बी वाड्यातून काढून, रोजचं रोज चाळून, रोपवाटिकेत पोचवलं. त्या बियांत मिटलेल्या बगलेची रोपं निम्म्याहून जास्त निघाली, असं हौसामावशीनं मला बाजारात भेटून सांगितलं. तेव्हा त्या वाफ्याला पाटी लागली. पाटी मी वाचली. त्या बाभळी दौंडच्या बाजूला कुठं कुठं कोण्या बांधांवर गेल्या, मला ठाऊक नाही. यवतजवळ एका विहिरीपाशी तशी एक दिसते. एसटीतून जाताना मी दर वेळी त्या खिडकीला बसते.

घर झालं, आढं चढलं, दादा त्याखाली निजले. पहिल्या रात्री त्यांना झोप आली नाही म्हणे, बाहेर अंगणात येऊन पडले. आता तुझ्या बापानं स्लॅबचं घर बांधलंय आणि ते आढं गोठ्यामागं उन्हापावसात पडलेलं आहे. त्याला अजून भुंगा लागलेला नाही, जाशील तेव्हा नखानं टोकरून बघ.

नवातली पाच राहिली आहेत. दोन वादळात गेली, दोन तुझ्या बापानं पाईपलाईनच्या वेळी काढली. भोवतीचा सगळा माळ आता उसाखाली आहे, साध्या बाभळीही फार उरल्या नाहीत. म्हणजे दादांनी चाळीस वर्षं जे निवडलं, ते आज त्या पाच झाडांच्या शेंगांत आहे. बांध गेला तर गेलं. आणि दादा बगला तपासायचे हे तुझ्या बापानं पाहिलंय, पण कशासाठी, ते त्याला ठाऊक नाही. तो पाळण्यात होता, मग पोर होता, मग मी सासरी. आम्ही त्याला कधी नीट बसून सांगितलंच नाही, आमच्यात बसणार कोण. त्याला वाटतं पाच बाभळी आहेत. म्हणतो, "आक्का, आता आढं लागतंय कुनाला?" त्याचं खरं आहे, आढं कुणाला लागत नाही. पण पाऊस सारखा दगा देतोय, माळावर पाण्यावाचून उभं राहील आणि पिकाला आडवं येणार नाही असं झाड पुन्हा कुणाला लागणारच नाही, हे त्याला कुणी सांगितलं? ऊस कायमचा आहे असं मला तरी वाटत नाही. आम्ही मेंढरंही कायमची समजत होतो.

काल मी त्याला पुन्हा फोन लावला. भांडायला नाही. म्हटलं, भानुदास, एवढं कर, बांधावर जा आणि फोन झाडाकडं धर. तो म्हणाला, "आक्का, तुला काय झालंय?" पण गेला गं. कुरकुरत गेला. वारा होता. मी कान लावून ऐकलं. नुसती पानांची सळसळ, शेंगांचा आवाज नाही. म्हणजे अजून ओल्या आहेत, आणखी आठ-दहा दिवसांनी वाजतील. मी म्हटलं, वाजेपर्यंत बांध काढायचं मशीन आणू नकोस. तो म्हणाला, "दहा दिवस थांबतो. त्याच्या पुढं माझ्या हातात न्हाई, मशीनवाल्याचा नंबर लागलेला हाय." दादांचाच मुलगा आहे. त्यांनीही शेंगा पडेपर्यंतच थांबायचं कबूल केलं होतं.

तर आता तू ये. तुझा तो मोठा फोटो काढायचा फोन घेऊन नाही, रिकामी पोती घेऊन ये. माझे गुडघे झाडापाशी पोचतील, झाडावर नाही. शेंगा तू पाड, मी खाली निवडते. शेळी आता वस्तीवर एकही राहिली नाही, तेव्हा उकळत्या पाण्याचंच करावं लागेल, ते मी दाखवते. आणि सगळं आटपलं की सात-आठ शेंगा दोऱ्यात ओवून तुझ्या बापापुढं वाजवायच्या आहेत. हे काम मात्र माझं. हा तुझा खुळखुळा होता म्हणून सांगेन. त्यापुढं त्यानं बांधाचं काय करायचं ते करावं. आज रविवार, आठ दिवसांनी येत्या रविवारी ये, शेंगा वाजू लागतील; पुढच्या नको, तोवर मशीन येईल. कासुर्डीच्या फाट्यावर उतर. मी सकाळपासून पिशवी घेऊन तिथंच उभी असेन, घरात मला बसवणार नाही.